गावाच्या गोष्टी गावालाच सांगायच्या, तर कशा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातलं जुनं वाचनालय, सभासद आटत चाललेले, सकाळी पेपर वाचायला येणारी ज्येष्ठ मंडळी सोडली तर दिवसभर शुकशुकाट. कार्यकारिणीतल्या काहींना वाटतं, गावाच्या आठवणी सांगण्याचा उपक्रम सुरू करावा, माणसं जवळ येतील. बाकीचे म्हणतात, व्याख्यानमाला आहेच की, आणखी एक कार्यक्रम कशाला? मी बरीच वर्षं सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात, माण-खटाव-आटपाडीकडे, हेच काम करतोय. तेव्हा जे पाहिलं ते सांगतो, निर्णय तुमचा.

गोष्टी सांगितल्या की गाव एक होतं, हा भाबडेपणा आधी बाजूला ठेवा. गावात गोष्टी कमी सांगितल्या जातात असं थोडंच आहे? पारावर, सलूनमध्ये, एसटी स्टँडवर, दशक्रियेला जमलेल्या मंडळींत दिवसभर तेच चालू असतं. पण प्रत्येक गोष्ट आपापल्या आळीत फिरते. पेठेतली गोष्ट माळावरच्या वस्तीला ठाऊक नसते आणि वस्तीवरची पेठेत कुणी विचारत नाही. वाचनालयाला करण्यासारखं काम आहे ते इथं: एका आळीची गोष्ट दुसऱ्या आळीच्या कानावर घालायची, तीही ज्याची त्याच्याच तोंडून. एवढं जमत नसेल तर खुशाल व्याख्यानमालाच चालू ठेवा.

व्याख्यानमालेला मी नावं ठेवत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढं तालुक्या-तालुक्यात ती प्रथा गेली, त्यावर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या शहाण्या झाल्या. पण तिचा साचा एक बोलणार आणि शेकडो ऐकणार, असा आहे. व्याख्याते पुण्याहून येतात, रात्रीच्या गाडीनं परत जातात, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी आपला संबंध ‘जरा सरकता का’ एवढ्यावरच राहतो. ज्ञान मिळतं, शेजार मिळत नाही. त्यापेक्षा सत्यशोधकांचे जलसे तुमच्या कामाला जास्त जवळचे. तमाशाचाच बाज, गावाचीच बोली, समोर बसलेल्याच्याच घरातली सावकाराची आणि लग्नातल्या कर्जाची गोष्ट. ऐकणारा मधेच बोलू शकायचा.

आता विषय. ‘गावाचा इतिहास’ हा विषय घेऊ नका. तसं जाहीर केलंत की काय होतं ते ठरलेलं आहे: गावाचं नाव कशावरून पडलं, पांडव वनवासात कुठल्या गुहेत राहिले, कुठल्या वाड्याला किती बुरूज होते. सांगणारे तेच चार जण, आणि निम्म्या गावाला त्यात जागाच नसते. मी नव्या गावात सुरुवात करताना बहात्तरचा दुष्काळ घेतो. ज्यानं तो पाहिला त्या प्रत्येकाकडे त्याची गोष्ट आहे, आणि साठीच्या पुढच्या बहुतेकांनी तो निदान पोरवयात पाहिलाय. दुष्काळी कामावर खडी फोडायला बागायतदाराच्या घरची सून आणि सालगड्याची बायको एका रांगेत बसल्याचं अनेक गावांत सांगतात. मुकादमानं हजेरी कशी मांडली, ब्रास कसा मोजला, कामावर वाटलेली सुकडी पोरांनी कशी पळवली, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची भाकरी घशाखाली कशी उतरेना, हे सगळ्यांकडेच असतं.

शिवाय या विषयाला पुढं जायला रस्ता आहे. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. कामाच्या हमीचा त्यांचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये त्याच भागात झाला. बहात्तरच्या दुष्काळात तो राज्यभर गेला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याचं मूळ तिथंच आहे. नववीतल्या पोरांना हे पुस्तकातून सांगा, जांभया देतील. पण ज्या पाझर तलावात आपण पोहायला शिकलो त्याची माती आपल्या आजीनं पाटीनं वाहिली, हे तिच्याच तोंडून ऐकलं की पोरगं दुसऱ्या दिवशी तलावावर जाऊन भराव बघून येतं. हे मी होताना पाहिलंय. तेवढ्यानं पोरगं इतिहासकार होत नाही, पण तलावात प्लास्टिक टाकणाऱ्याला हटकतं.

इथं एक शंका हमखास निघते: म्हातारी माणसं चुकीचं सांगतात, त्याचं काय? सांगतातच. ‘मिलोबरोबर गाजर गवत आलं’ हे वाक्य तुम्हाला प्रत्येक गावात ऐकू येईल. पण पुण्यात गाजर गवताची नोंद १९५० च्या दशकातली आहे, म्हणजे बहात्तरच्या कितीतरी आधीची. परदेशी धान्याबरोबर ते आलं असावं असं मानतात, ते आधीच्या गव्हाबद्दल. म्हणून आजोबांना सभेत खोटं पाडायचं का? मुळीच नाही. इटलीत तेर्नी नावाच्या पोलाद कारखान्यांच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या हातून मेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली हे अभ्यासक पुढं तिथल्या कामगारांशी बोलले, तेव्हा कित्येकांनी तो मृत्यू १९५३ च्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळचा म्हणून सांगितला. साल चुकलं होतं, पण गावाला कशाचा राग जास्त आला होता ते त्या चुकीनं बरोबर सांगितलं. गाजर गवताचंही तसंच. दुसऱ्याचं धान्य खावं लागलं ही बोच त्या पिढीच्या मनात आहे, आणि शेतात दरवर्षी उपटावं लागणारं गवत तिला आयतं सापडलंय. टिपणात दोन्ही लिहा: आजोबा काय म्हणाले ते, आणि नोंद काय सांगते ते. सभेत मात्र आजोबांना पुरं बोलू द्या.

अवघड भाग पुढं येतो, आणि तो टाळायचा असेल तर या भानगडीत पडू नका. बहात्तर म्हटलं की पाणी आलं, पाणी आलं की विहीर आली, आणि विहीर आली की कुणी कुठून पाणी भरायचं हे आलं. एका गावात असंच झालं. एका आजींनी सांगितलं, की टँकर विहिरीत ओतला तरी आम्हाला वरून कुणीतरी घागरीत वाढायची वाट बघायला लागायची, उन्हं कलेपर्यंत. सभा गप्प. मग मागून एक आवाज: ‘आपल्या गावात तसलं काही नव्हतं.’ अशा वेळी सूत्रसंचालकाला वाटतं आपण दोघांचं समाधान करावं, ‘जुन्या गोष्टी झाल्या, आता सगळे एक आहोत’ म्हणून पुढं सरकावं. तसं केलंत की आजी पुन्हा येत नाहीत, आणि त्यांची आळीही.

मी तिथं वाद मिटवायला गेलो नाही. वाचनालयाच्या शहाबादी फरशीवर खडूनं एक मोठा गोल काढला, पायऱ्या कुठल्या बाजूला होत्या ते विचारून त्या काढल्या, मोट कुठं होती ते काढलं. मग एकेकाला एकच विचारलं: त्या उन्हाळ्यात तुम्ही पाणी भरायला कुठं उभे राहायचात? तिथं येऊन उभे राहा. लोक उठले. पेठेतल्या दोघी पायऱ्यांवर, माळवाडीचे काही मोटेकडं, आजी गोलापासून पाच-सहा फरश्या लांब. ‘तसलं काही नव्हतं’ म्हणणारे गृहस्थही उठून पायरीवर उभे राहिले आणि तिथून त्यांनी आजींकडं पाहिलं. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. नंतर चहा झाला.

आता याचं फळ काय? ते गृहस्थ पुढच्या बैठकीला आले नाहीत, आणि त्यांच्याबरोबर येणारे आणखी काही जणही नाहीत. पण जी माणसं वाचनालयाची पायरी कधी चढली नव्हती ती आली. कार्यकारिणीत यावरून बोलाचाली झाली, ‘तुम्ही जुनी मढी उकरताय’ हेही ऐकून घेतलं. माझं मत असं, की वाचनालय ज्यांचं आधीपासून होतंच त्यांच्या एका रुसव्यापेक्षा ज्यांचं ते कधीच नव्हतं त्यांचं येणं मोलाचं. तुमच्या कार्यकारिणीला हे पटणार नसेल तर ते आधीच कळलेलं बरं.

यावरून जागेचंही लक्षात ठेवा. देवळाचा सभामंडप मोठा असतो, फुकट मिळतो, पंखेही असतात. तरी तिथं घेऊ नका, निदान सुरुवातीला तरी नको. समाजमंदिरात घेतलं तर पेठ येत नाही, देवळात घेतलं तर वस्ती अवघडते. शाळेचा व्हरांडा किंवा तुमचं वाचनालय बरं. सतरंजी सगळ्यांना एकच, खुर्च्या फक्त ज्यांना खाली बसवत नाही त्यांना. पाहुण्यांसाठी पुढं सोफा मांडलात तर संपलं. पुढाऱ्यांना बोलवायचंच असेल तर ऐकायला बोलवा. मी असेही कार्यक्रम पाहिलेत, जिथं सत्कारमूर्ती म्हणून आणलेल्या म्हाताऱ्या बाया शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन तास-दीड तास ताटकळल्या, कारण उद्घाटक मागच्या कार्यक्रमातून निघाले नव्हते. मग मनोगताला प्रत्येकीला दोन मिनिटं. त्या काय बोलणार?

दुसरा विषय बायकांचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात जास्त देतो. गावाच्या इतिहासात बाई कायम उपरी असते, कारण ती ‘इथली’ नसते. सत्तर वर्षं त्या गावात राबली तरी तिचं गाव म्हणजे माहेर. म्हणून आम्ही विचारतो: या गावात तुम्ही पहिल्यांदा पाऊल टाकलंत तो दिवस सांगा. या प्रश्नानं प्रत्येक सासुरवाशीण बोलती होते. बैलगाडीतून उतरल्यावर पहिलं काय दिसलं, पाण्याची चव कशी लागली, पहिल्या रात्री कुणी जेवायला वाढलं, कुणी वाढलं नाही. गंमत म्हणजे हा प्रश्न बायकांपुरता राहत नाही. बदली होऊन आलेले गुरुजी, धरणात गाव गेलं म्हणून इथं वसवलेली कुटुंबं, बिहारहून आलेला फरशीवाला, दरवर्षी ऊसतोडीला येणारी बीडकडची जोडपी, सगळ्यांकडे ‘पहिला दिवस’ असतो. ऐकता ऐकता जन्मानं ‘इथले’ असलेले मूठभरच आहेत, हे लोकांच्या लक्षात यायला लागतं.

उलटाही प्रश्न आहे: गाव सोडलंत तो दिवस. आमच्याकडच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, भारतभरच्या सराफ बाजारांत पसरलेत. त्यांतल्या कित्येकांच्या घरातला पहिला माणूस दुष्काळामुळंच बाहेर पडलेला. ही मंडळी यात्रेला गावी येतात, देणगीही सढळ हातानं देतात, पण कमानीवर नाव घालण्यापलीकडं गाव त्यांना काही विचारत नाही. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या कुस्त्यांच्या आधी एक बैठक ठेवा. पंधराव्या वर्षी पत्ता लिहिलेला कागद खिशात घालून परप्रांतात उतरलेला माणूस काय सांगतो ते ऐकाच.

बायकांच्या बाबतीत महाराष्ट्रात एक मोठं काम आधीच होऊन बसलंय, ते तुमच्या कार्यकारिणीनं जरूर पाहावं. मुळशी तालुक्यात गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करताना हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढं ते काम हजारावर गावांत गेलं आणि लाखाहून जास्त ओव्या जमल्या. बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रणाची आणि संगणकावरच्या मांडणीची बाजू सांभाळली. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ओव्या क्रमाक्रमानं प्रसिद्ध होताहेत, ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, वय, कामधंदा आणि बहुधा फोटोही असतो. लोकगीतांच्या जुन्या संग्रहांत गाणारी बहुधा निनावी असायची, ‘एका वृद्ध स्त्रीकडून’ एवढंच. इथं ती कवी म्हणून नावानिशी उभी आहे. आणि हे जमलं कारण गोळा करणाऱ्यांत संघटनेच्या गावातल्याच बायका होत्या. विद्यापीठातून गाडी आली, तासभर टेप लावला आणि गेली, असं नव्हतं ते.

त्यांच्याकडून शिकण्यासारखी एक साधी बाब: जातं लागतं. आजीला खुर्चीवर बसवून तोंडासमोर माईक धरलात तर ती म्हणते, ‘आता कुठं आठवतंय बाबा.’ गावात पिठाची गिरणी आली तेव्हापासून गळा बंद आहे, तिचं खोटं नाही. पण माळ्यावर पडलेलं जातं खाली काढा, खुंटा ठोकून घट्ट करा, मूठभर जोंधळे घाला आणि समोर तिच्याच वयाची दुसरी बसवा. दोन-चार घास वैरेपर्यंत दोघी फक्त ओढतात. मग एक जण अर्धी ओळ म्हणते, दुसरी ती पुरी करते, आणि नंतर थांबवता थांबत नाही. भावाची, लेकीची, पंढरीची, आणि मधेच सासूची अशी एखादी ओवी येते की सगळ्या पदर तोंडाला लावतात. माईक जात्याजवळ ठेवू नका, घरघर सगळं गिळते. बाजूच्या भिंतीला, डोक्याच्या उंचीवर बरा.

रेकॉर्डिंगचं तंत्र आता अवघड नाही, साधा मोबाइल पुरतो. विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, झालं. अवघड आहे ते पोरांना गप्प बसवणं. नववीची मुलं घ्या, दहावीची नको. त्यांना छापील प्रश्नावली देऊ नका. प्रश्नावली हातात असली की पोरगं आजोबांचं वाक्य संपायच्या आत पुढचा प्रश्न वाचतं. ‘मग?’ एवढा एकच प्रश्न शिकवला तरी भागतं. लिहून काढताना मात्र तुमच्यातल्या निवृत्त शिक्षकांवर लक्ष ठेवा. ‘व्हतं’चं ‘होते’ आणि ‘न्हाई’चं ‘नाही’ करायची त्यांची सवय जात नाही. छापील कागद वाचून दाखवला आणि ‘हे मी न्हाई बोलले’ असं आजी म्हणाल्या, तर आजींचं बरोबर.

गोष्ट कुणाची, हे पहिल्या दिवशीच ठरवा. सभेत सांगितलेलं सगळं जपून ठेवायला परवानगी आहे असं धरू नका. ज्याचं त्याला ऐकवा, ‘एवढं काढ’ म्हणाला तर काढा, का ते विचारू नका. भाऊबंदकीच्या गोष्टींत तर फारच जपून, जमिनीचा दावा चालू असेल तर तुमचं रेकॉर्डिंग उद्या कोर्टाच्या बोलण्यात येईल. आणि व्हॉट्सअॅपवर तुकडे टाकायची सक्त मनाई. दीड तासाच्या बोलण्यातलं अर्ध्या मिनिटाचं एक वाक्य तोडून फिरलं की वर्षभराचं काम एका रात्रीत वाया जातं. एक प्रत वाचनालयात, एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी वेगळ्या डिस्कवर, आणि एक सांगणाऱ्याच्या घरी नातवाच्या मोबाइलमध्ये. ही तिसरी प्रत सगळ्यात आधी द्या. संशोधक, पत्रकार, सरकारी योजना, सगळे गावातून घेऊन जातात. परत आणून देणारा दिसला नाही म्हणूनच लोक तुमच्याकडंही संशयानं बघतील.

भिलारचा दाखला कार्यकारिणीत कुणीतरी देईलच. महाबळेश्वरजवळचं ते गाव ४ मे २०१७ ला ‘पुस्तकांचं गाव’ झालं, सुरुवातीला २५ ठिकाणी मिळून १५ हजारांच्या आसपास पुस्तकं. उपक्रम चांगला आहे. पुस्तकं लोकांच्या पडवीत आणि माडीवर ठेवल्यामुळं वाचकाला घरात शिरावं लागतं, ही त्यातली खरी खुबी. पण तो मुळात बाहेरून येणाऱ्यांसाठी आहे. भिलारला स्ट्रॉबेरी आणि महाबळेश्वरचा रस्ता आहे. तुमच्या गावाला कोण येणार? तुमचा ऐकणारा गावातलाच आहे, त्याच्यासाठी करा.

खर्चाचं म्हणाल तर चहा, सतरंजी आणि एक डिस्क. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली तुमच्या वर्गाप्रमाणं जे अनुदान येतं त्यात पगार आणि पुस्तकंच जेमतेम भागतात, त्याला हात लावू नका. वेळ लग्नसराई आणि सुगी सोडून. संध्याकाळी उशिरा ठेवलंत तर मुली आणि सुना येणार नाहीत, दुपारी तीन बरी.

आणि शेवटी ज्यावरून तुमच्यात वाद आहे ते. सभासद वाढतीलच असं मी लिहून देणार नाही. आमच्याकडं काही ठिकाणी वाढले, काही ठिकाणी नाही. एका गावात बहात्तरच्या बैठकांनंतर पाझर तलावातला गाळ काढायला वर्गणी जमली. ती गोष्टींमुळंच जमली असं म्हणायला मी धजणार नाही, त्या वर्षी पाऊसही ओढलेला होता. पण गाळाच्या बैठकीला कोण कोण आलं होतं ते मी पाहिलं. ज्यांच्या शेताला त्या तलावाचा थेंबही मिळत नाही अशा वस्तीवरचे लोक होते, आणि ते ‘आमच्या आयांनी बांधलेला तलाव’ असं म्हणत होते. गाळ कुणाच्या रानात टाकायचा यावरून भांडणही तिथंच झालं, बरंच मोठं. पण त्या भांडणात पहिल्यांदाच दोन्ही वस्त्या समोरासमोर बसून बोलत होत्या, आणि सरपंचांना मधे निरोप न्यावे लागत नव्हते.

तेव्हा कार्यकारिणीत ठराव वगैरे करत बसू नका. येत्या महिन्यात एक रविवार ठरवा, वेगवेगळ्या आळ्यांतल्या तीन म्हाताऱ्या माणसांना आदल्या दिवशी घरी जाऊन बोलावून या, आणि त्यांना मिलोच्या भाकरीबद्दल विचारा. व्याख्यानमालेचं काय करायचं ते त्यानंतर ठरवता येईल.